मोटारीवरचे पांढरे डाग

विहिरीच्या पाण्यानं मोटार धुतली, उन्हात वाळू दिली, की काळ्या पत्र्यावर पांढरे ठिपके उमटतात. मग धुणाऱ्या पोराला बोल बसतो! तो लावण्याआधी एक जुनी हकीकत ऐका.

लंडनच्या रॅथबोन प्लेस येथील पंपाचं पाणी उकळलं, की तळाशी पांढरा साका बसे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६७ साली दाखवून दिलं, की ही चुनखडीच. ज्याला आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, त्या वायूच्या आधारानं ती पाण्यात विरघळून राहते. वायू निघून गेला, की मागं उरते. पुढं १८४१ मध्ये ॲबर्डीनचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी अशा पाण्यात चुन्याची निवळी मिसळून चुनखडी खाली बसवण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं. काट्यानं काटा काढावा, तसा चुन्यानं चुना काढला!

आपल्या बंबात बसणारा पांढरा थर बहुतेक याच जातीचा. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते दुष्फेन पाणी. गुरुजी, असं थोडं पाणी स्वच्छ थाळीत आटवून मुलांना दाखवा.

आणि मोटार? ती सावलीत धुवा. थेंब सुकण्याआधीच मऊ, कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. पाणी उडून जातं, चुना मागं राहतो. त्यात त्या पोराचा काय दोष?