लोडरसाठी जुना ट्रॅक्टर: ओढणाऱ्या यंत्राला हमाल कुणी केलं?



गेल्या उन्हाळ्यात माझे अकरा हजार रुपये बुडाले. जुन्या ट्रॅक्टरचा इसार दिला होता, तो परत मिळाला नाही. पण ते अकरा हजार गेले म्हणून चार लाख साठ हजार वाचले, आणि कदाचित पैशाहून मोठं काही वाचलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पडेगाव आता महापालिकेत आहे. रस्त्याच्या कडेनं प्लॉट पडले, तरी दौलताबादच्या अंगाला आमची साडेपाच एकर अजून हातात आहे. मका, कपाशी, थोडे पेरू, थोडं सीताफळ आणि सात म्हशी. जमीन हलकी, मुरमाड. दरवर्षी शेणखत आणि जमेल तेव्हा तलावातला गाळ टाकल्याशिवाय तिचं भागत नाही. खत भरायला माणूस मिळत नाही. जेसीबी बोलवावी तर अर्ध्या तासाच्या कामाला कुणी यायला तयार नसतं. म्हणून पोरानं धरलं, ४५ एचपीच्या आसपासचा जुना ट्रॅक्टर, पुढं लोडर बसवलेलाच घेऊ. एक पाहिला. रंग चकचकीत, टायर नवे, मीटरवर २१०० तास. भुललो आणि इसार देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी आमच्या मिस्त्री चाचांना घेऊन गेलो. त्यांनी इंजिन चालू करायच्या आधी पुढून जॅक लावला, चाक हलवून पाहिलं. मग बॅटरी घेऊन पोटाखाली शिरले. स्क्रू ड्रायव्हरनं क्लच हाऊसिंगवरचा नवा रंग खरवडला, तर आत वेल्डिंगची वीतभर लांब रेघ. बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, "भाऊ, हा ओढायला जन्मलेला. ह्याला हमाल केला. कंबर मोडलीय ह्याची."

सौदा मोडला. पण चाचांचं बोलणं डोक्यातून जाईना. मी दहावी पास माणूस, पण वाचायची सवय आहे. ट्रॅक्टर ओढायलाच का जन्मला आणि त्याच्या डोक्यावर ओझं कधी आलं, हे शोधत गेलो. तो इतिहास समजला तर जुना ट्रॅक्टर कुठं पाहायचा, हे पाठ करावं लागत नाही.

सुरुवात १९१७ पासून करू. त्याआधीचे बरेच ट्रॅक्टर लोखंडी चौकटीवर म्हणजे चासीवर बांधलेले असायचे, जड आणि महाग. हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरनं ती चौकटच काढली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल ही बिडाची ओतकामं एकमेकांना बोल्टनं जोडली, आणि तोच ट्रॅक्टरचा कणा झाला. ट्रॅक्टर हलका आणि स्वस्त झाला. आजही आपले बहुतेक ट्रॅक्टर याच पद्धतीचे आहेत. ट्रकला खाली चासी असते, ट्रॅक्टरला नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे जे क्लच हाऊसिंग असतं, ती त्याची कंबर. बीड दाब सोसतं, पण वाकवलं की तडकतं.

दुसरी गोष्ट हॅरी फर्ग्युसनची. हा आयर्लंडचा मेकॅनिक. त्या काळी ट्रॅक्टरमागं नांगर साखळीनं ओढायचे. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उठायचा आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. फोर्डसननं अशी बरीच माणसं मारली. फर्ग्युसननं तीन दांड्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट यांची सांगड घातली, १९२६ मध्ये तिचं पेटंट घेतलं. नांगराचा जोर मागच्या चाकांवर दाबला जाऊ लागला, आणि वरच्या दांड्यानं पुढचं तोंड खाली धरलं. १९३८ मध्ये फोर्ड आणि फर्ग्युसन यांनी नुसत्या हातमिळवणीवर करार केला, १९३९ मध्ये ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. आपल्या ट्रॅक्टरचा थ्री पॉइंट आणि टॉपलिंक म्हणजे हीच जोडणी. इथून ट्रॅक्टरची ठेवण पक्की झाली: ताकद मागं, वजन मागं, काम मागं. पुढची चाकं फक्त वळवायला. म्हणून ती बारीक, आणि एक्सल मधल्या एकाच पिनवर झुलणारा, म्हणजे बांधावर चढताना चारही चाकं जमिनीला टेकून राहतात.

आपल्या देशात ट्रॅक्टरचं पहिलं मोठं सरकारी काम झालं तेही जुन्या ट्रॅक्टरवरच, बरं का. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर दुरुस्त करून केंद्र सरकारच्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशननं मध्य भारतात कांस गवत उपटायला लावले. कांस म्हणजे आपल्या कुंद्यासारखंच, खोल मुळ्यांचं. पुढं १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला शेतीच्या यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्यातून नवे ट्रॅक्टर आले. आमचा मराठवाडा तेव्हा नुकताच, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाच्या राज्यातून सुटला होता. इथं बैल आणि मोट चालू होती.

२४ एप्रिल १९५९ ला फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला, भारतात तयार झालेला पहिला. १९६३ मध्ये मुंबईत महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर कारखाना काढला, त्यांचा बी-२७५ महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला. १९७१ मध्ये एचएमटीनं झेटरचा २५ एचपीचा ट्रॅक्टर पिंजोरला बनवायला घेतला. १९७४ मध्ये दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत आखलेला २६.५ एचपीचा स्वराज ७२४ पंजाबात तयार झाला. नांगरट, पेरणी, मळणी, ट्रॉली, एवढीच कामं डोळ्यांसमोर ठेवून हे सगळे बनले. पुढून ओझं उचलायचा विचार यातल्या एकातही नव्हता, कारण ओझं उचलायला माणसं होती.

माणसं कशी होती, ते आमच्या घरी विचारा. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील दोघं कामावर होते. खडी फोडली, पाझर तलावाची माती घमेल्यानं डोक्यावर वाहिली. दुपारी सुकडी मिळायची. आई म्हणायची, डोक्यावरच्या चुंबळीचा वळ दिवाळीपर्यंत गेला नाही. मराठवाड्यातले कितीतरी तलाव असे डोक्यावरच्या मातीनं बांधलेले आहेत.

तेच काम यंत्राकडं कसं गेलं, ते पाहायला इंग्लंडला जावं लागतं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. याच्या नावाची तीन अक्षरं म्हणजे जेसीबी. २३ ऑक्टोबर १९४५ ला युटॉक्सिटर गावात भाड्याच्या गॅरेजमध्ये त्यानं काम सुरू केलं. वेल्डिंगचं मशीन एक पौंडात घेतलेलं, तेही जुनं. पहिली वस्तू बनवली ती ट्रॉली. १९४९ मध्ये त्यानं फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला पुढून हायड्रॉलिक लोडर बसवला. १९५३ मध्ये मागं खोदायचा हात लावला. म्हणजे जेसीबीचा पूर्वज शेतीचा ट्रॅक्टरच. पण पुढं त्या कंपनीनं काय केलं? शेतीचा ट्रॅक्टर सोडला आणि लोडरसाठी स्वतःची जाड चासी, जाड पुढचा एक्सल बनवला. ज्यांनी लोडर लावला, त्यांनाच कळलं की ट्रॅक्टरच्या कमरेला हे रोजचं काम झेपत नाही. भारतात ही मशीन एस्कॉर्ट्सबरोबर १९७९ मध्ये बल्लभगडला तयार होऊ लागली.

आपल्याकडं लोडरची मागणी वाढली ती अलीकडं. २०१२-१३ चा दुष्काळ, मग जलयुक्त शिवार, मग मे २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना. गाळ फुकट, पण वाहून न्यायचा खर्च तेव्हा शेतकऱ्याचा होता. ज्याच्याकडं ट्रॅक्टर होता त्यानं पुढं लोडर बसवून घेतला. हंगामात गाळ, एरवी मुरूम आणि वाळू. आज बाजारात लोडरसकट जे जुने ट्रॅक्टर दिसतात, त्यातले बरेच असे राबलेले आहेत. माझ्या इसाराचा त्यातलाच एक.

आता हिशेब बघा. ४५ एचपीचा टू-व्हील ट्रॅक्टर साधारण दोन टन. त्यातलं ७००-८०० किलो पुढच्या एक्सलवर, बाकी मागं. दोन्ही एक्सलमधलं अंतर दोन मीटर धरा. बकेटमध्ये ५०० किलो ओला गाळ, पुढच्या एक्सलच्या १.२ मीटर पुढं. तरफेच्या नियमानं मागच्या चाकांवरचं ३०० किलो उठतं आणि पुढं ८०० किलो चढतं. म्हणजे एका बकेटीत पुढच्या एक्सलचं ओझं दुप्पट. लोडरच्या सांगाड्याचं वजन वेगळंच. आणि हा एक्सल मधल्या पिनवर झुलणारा. मागचं हलकं झालं आणि बकेट वर असताना एक चाक खड्ड्यात गेलं, तर ट्रॅक्टर आडवा व्हायला वेळ लागत नाही. स्टिअरिंगवर माझा पोरगा बसणार होता. अकरा हजारांचं दुःख मला त्यामुळंच राहिलं नाही.

म्हणून लोडरसाठी जुना ट्रॅक्टर पाहताना, इंजिनाचा आवाज शेवटी ऐका. आधी हे पाहा.

१) पुढून जॅक लावून चाक वर-खाली आणि आडवं हलवा. किंगपिन, हबचं बेअरिंग आणि मधली पिन ढिली आहे का कळतं. एक्सल वाकलेला असेल तर टायर एका बाजूनं खाल्लेलं असतं. टायर नवे घातले असतील तर का घातले, ते विचारा.

२) क्लच हाऊसिंग आणि लोडरच्या ब्रॅकेटच्या बोल्टांजवळ रंग खरवडून पाहा. बिडावर वेल्डिंग दिसलं तर निघून या. लोडरची फ्रेम मागच्या एक्सलपर्यंत गेलेली असावी. नुसती कमरेला लटकवलेली नको.

३) लोडरला मिनिटामिनिटाला पुढं-मागं करावं लागतं, त्यात क्लच आणि रिव्हर्स गिअर झिजतो. चढावर रिव्हर्स टाकून पाहा, घसरतो का, निसटतो का. मीटर बदलता येतो, पण क्लच-ब्रेकच्या पॅडलची झीज लपत नाही. २१०० तासांच्या ट्रॅक्टरचं पॅडल गुळगुळीत कसं, हे मी तेव्हा विचारलंच नाही.

४) भरलेली बकेट कमरेइतकी उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. खाली कुणी उभं राहू नका. बकेट भरभर उतरली तर सिलिंडर नाहीतर व्हॉल्व्ह गेला. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. पॉवर स्टिअरिंग नसेल तर लोडरचा नादच सोडा.

५) आरसीवर बँकेचा बोजा आहे का पाहा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. इंजिन आणि चासी नंबर स्वतःच्या डोळ्यानं जुळवा. आणि इसार देताना, मिस्त्रीनं नापास केला तर परत, असं लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं.

शेवटी दिवाळीनंतर ट्रॅक्टर घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ चा ५ टक्के झाला होता, त्याचा दाखला देऊन जुन्याचा भावही खाली आणता आला. लोडर कधी न लागलेला, रोटावेटरवर चाललेला, फोर-व्हील, ४७ एचपीचा घेतला. फोर-व्हीलचा पुढचा एक्सल मुळातच जाड असतो, आणि लोडरचं ओझं पुढं आलं तरी ती चाकं ओढत असल्यामुळं ट्रॅक्टर जागेवर फिरत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, जाहिरात नको. लोडर मागच्या एक्सलपर्यंत फ्रेम असलेला, वेगळा बसवला. बकेट मुद्दाम लहान घेतली.

मागं थ्री पॉइंटला जुन्या पिंपात काँक्रीट ओतून ४०० किलोचं वजन टांगलंय. मागच्या एक्सलपासून मीटरभर मागं असल्यानं ते पुढचं २०० किलो उतरवतं आणि मागं ६०० किलो चढवतं. टायरात पाणी भरलं तर मागचं वजन वाढतं, पण पुढचं ओझं उतरत नाही. टांगलेलं वजन दोन्ही करतं. फर्ग्युसननं मागची जोडणी नांगरासाठी केली होती, आम्ही तिला पिंप टांगलं, काम मात्र तेच: पुढचं-मागचं वजन जागेवर ठेवायचं.

पोराला तीन नियम सांगितलेत. भरलेली बकेट चालताना गुडघ्याच्या वर नको. उतारावर आडवं जायचं नाही. पिंप काढून लोडर चालवायचा नाही.

परवा त्यानं उकिरडा भरून शेतात टाकला, सकाळी सुरू केला आणि जेवायच्या वेळेला संपवला. आई बांधावर बसून बघत होती. काही बोलली नाही, फक्त एकदा स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.