खालिद जमील : तुटपुंज्या साधनांचा प्रशिक्षक

भारतीय फुटबॉलमध्ये परदेशी प्रशिक्षकाला मिळणारा विश्वास देशी प्रशिक्षकाच्या वाट्याला क्वचितच येतो. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले होते, हा इतिहास असूनही ही स्थिती आहे. या पार्श्वभूमीवर मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या खालिद जमील यांची वाटचाल लक्षणीय ठरते.

जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेतमध्ये झाला. मधल्या फळीतील खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या मुंबईतील तिन्ही संघांकडून ते खेळले. भारतीय संघातही त्यांना स्थान मिळाले. मात्र दुखापतींनी त्यांची कारकीर्द लवकर संपवली. २००९ मध्ये ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. मोजका पैसा आणि नामवंत खेळाडूंचा अभाव असूनही त्यांच्या कारकिर्दीत हा संघ एकदाही खालच्या श्रेणीत घसरला नाही. २०१६ मध्ये ते संघापासून दूर झाले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला.

त्याच हंगामात जमील यांनी मिझोरममधील ऐझॉल एफसीची सूत्रे हाती घेतली. आदल्या वर्षी आय-लीगमधून बाहेर पडलेल्या या संघाला गोव्यातील क्लबांच्या माघारीमुळे पुन्हा प्रवेश मिळाला होता. स्थानिक मिझो तरुण, मोजके परदेशी खेळाडू आणि मुंबई एफसीत आपल्या हाताखाली खेळलेले जयेश राणे व आशुतोष मेहता यांना घेऊन त्यांनी संघ बांधला. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी साधून ऐझॉलने ३७ गुणांसह विजेतेपद मिळवले. बलाढ्य मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. राष्ट्रीय लीग जिंकणारा ऐझॉल हा ईशान्य भारतातील पहिला संघ ठरला.

जमील यांच्या पद्धतीत दिखाऊपणा नाही. हाताशी आहेत ते खेळाडू पारखायचे, त्यांना झेपेल तीच व्यूहरचना आखायची, बचावफळीतील अंतर कमी ठेवायचे आणि चेंडू मिळताच वेगाने प्रतिहल्ला करायचा, हे तिचे सूत्र. नेत्रसुखद खेळाच्या चाहत्यांना ती रुक्ष वाटते; परंतु दुबळ्या संघाला बलाढ्य संघासमोर उभे करण्याचे सामर्थ्य तिच्यात आहे.

जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी जबाबदारी त्यांच्याकडे आली. सलग दहा सामने अपराजित राहून संघ इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि त्या वर्षी जमील यांची पूर्णवेळ नेमणूक झाली. पुढचा हंगाम मात्र निराशेचा गेला. त्यानंतर जमशेदपूर एफसीला त्यांनी २०२४-२५ मध्ये लीगच्या उपांत्य फेरीत आणि सुपर कपच्या अंतिम फेरीत नेले.

१ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांना राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक नेमले. गोव्याच्या सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीयाकडे आले. मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कप स्पर्धेत ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून भारताने तिसरा क्रमांक मिळवला. तथापि ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही भारताला १-० असे हरवले.

क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना महिनोन् महिने घडवू शकतो; राष्ट्रीय प्रशिक्षकाला मिळतात ते मोजके दिवस. जमील यांची पद्धत सरावातून मुरणारी असल्याने ही अडचण त्यांना अधिक जाचली. तरीही ऐझॉलच्या विजेतेपदाने एक गोष्ट सिद्ध केली आहे. साधने तोकडी असली तरी भारतीय प्रशिक्षकाची दृष्टी तोकडी असते, असे नाही.