जमीन आधी कोण वाचतो?



आज एका लढाईबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात रेल्वे स्टेशनपासून करतो. न्यूयॉर्कला मुलीकडे गेलो होतो, तेव्हा एक नंबरच्या लोकलने बराच फिरलो. ११६ व्या रस्त्याचं स्टेशन जमिनीखाली आहे. तिथून गाडी सुटली की थोड्याच वेळात डब्यात लख्ख ऊन येतं. पुढचं १२५ व्या रस्त्याचं स्टेशन रस्त्याच्या सुमारे ५० फूट वर, पोलादी पुलावर! त्यानंतरचं १३७ व्या रस्त्याचं पुन्हा जमिनीखाली.

मी विचारलं, "गाडी एवढी वर कधी चढली गं?"

"बाबा, गाडी चढली नाही. जमीन खाली गेली."

आयुष्य सॅपर म्हणून काढलं आणि हे मला मुलीने सांगावं! खाली उतरून पाहिलं. दोन्ही बाजूंना कठीण खडकाच्या टेकड्या आणि मध्ये खोलगट दरी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नकाशावर पट्टी ठेवून रस्त्याची सरळ रेघ मारली होती. आमचे सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले होते, "साहेब, एकदा चालून बघू या." ते आठवलं.

हीच दरी १७७६ साली रणभूमी होती. १५ सप्टेंबरला ब्रिटिश फौज मॅनहॅटन बेटावर उतरली आणि वॉशिंग्टनचे सैनिक अक्षरशः पळाले. दुसऱ्या दिवशी पहाटे लेफ्टनंट कर्नल थॉमस नोल्टन आपली टेहळणी तुकडी घेऊन शत्रूचा अंदाज घ्यायला निघाला. चकमक झाली, तुकडी मागे आली. पाठोपाठ आलेल्या ब्रिटिशांनी कोल्ह्याच्या शिकारीत वाजवतात तसा बिगुल वाजवला. वॉशिंग्टनने समोरून थोडे सैनिक पाठवून त्यांना दरीत उतरवलं आणि नोल्टनला वळसा घालून पाठीमागे जायला सांगितलं. पण कुणीतरी घाईने गोळी झाडली. पिछाडीऐवजी बगलेवर हल्ला झाला आणि नोल्टन पडला. तरी त्या दिवशी माघार ब्रिटिशांना घ्यावी लागली. खचलेल्या सैन्याला पुन्हा धीर आला. इतिहासात ही हार्लेम हाइट्सची लढाई.

सव्वाशे वर्षांनी त्याच दरीपुढे मुख्य अभियंता विल्यम बार्कले पार्सन्स उभा राहिला. भुयार दरीखालून न्यायचं, तर गाडीला खोल उतरून पुन्हा चढावं लागलं असतं. त्याने रूळ शक्य तितके सपाट ठेवले. १२२ व्या रस्त्यापाशी मार्ग बाहेर काढला, १२५ व्या रस्त्यावर १६८ फुटांची कमान टाकली आणि १३५ व्या रस्त्यापाशी मार्ग पुन्हा जमिनीत नेला.

२७ ऑक्टोबर १९०४ ला उद्‌घाटन झालं. महापौर मॅक्लेलन यांच्या हाती मानाने गाडी दिली, तर ते ती सोडायलाच तयार होईनात! संध्याकाळी पाच सेंट भाड्यात जनता आत शिरली.

पण त्याच्या तीनच दिवस अलीकडे, एक वर्षापूर्वी, म्हणजे २४ ऑक्टोबर १९०३ ला याच मार्गावर उत्तरेला फोर्ट जॉर्जच्या बोगद्यात छताचा खडक कोसळून १० जण ठार झाले होते. बहुतेक इटलीहून पोटासाठी आलेले मजूर.

मित्रांनो, नोल्टन आणि ते मजूर यांचं काम मला एकच वाटतं. पुढे काय आहे हे नकाशा पूर्ण सांगत नाही. कुणीतरी आधी जाऊन पाहावं लागतं, आणि चूक कुणाचीही असो, किंमत बहुधा तोच मोजतो. पार्सन्सला हे कळत असावं. १९१७ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, तो वर्दी चढवून इंजिनियर रेजिमेंटबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर गेला.

आता मेट्रोत बसलात आणि गाडी भुयारातून अचानक उजेडात आली, तर मोबाइलमधून क्षणभर डोकं वर काढा. खालची जमीन बघा. तुमच्या आधी तिथून कुणीतरी पायी गेलेलं असतं.

जय हिंद.