संगणकाच्या झोपेवर अधिकार कोणाचा?

१/
विंडोज एक्सपीच्या काळात कचेऱ्यांतील लॅपटॉपवर एक प्रसंग वारंवार घडे. पडदा वीस मिनिटांऐवजी पाच मिनिटांत मालवावा, असे कर्मचारी ठरवी, 'अप्लाय' दाबी आणि उत्तर येई : प्रवेश नाकारला. वीज वाचवण्यासाठीही ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी का लागावी? या नकारामागे चाळीस वर्षांचा इतिहास होता.

२/
नोव्हेंबर १९६१. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीटीएसएस' ही प्रणाली चालवून दाखवली. अवाढव्य यंत्र एकच, पण त्याचा वेळ अनेकांत वाटलेला. सामायिक यंत्राबरोबर खाती आणि पासवर्ड आले. यंत्र चालू-बंद करणे मात्र वापरकर्त्याच्या हाती नव्हते. ते यंत्र सांभाळणाऱ्यांचे काम होते.

३/
१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सची सुरुवात झाली. तिच्यात सर्वाधिकार असलेले खाते एकच : 'रूट'. १९७५ साली साल्टझर आणि श्रोडर यांनी आपल्या निबंधात या विचाराला सूत्ररूप दिले : प्रत्येकाला त्याच्या कामापुरताच अधिकार असावा.

४/
१९८१ चा आयबीएम पीसी याच्या अगदी उलट होता. माणूस एक, यंत्र एक आणि उजव्या बाजूला मोठा लाल खटका. खटका ज्याच्या हाताशी, तोच मालक. परवानगी मागायची कोणाकडे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

५/
पुढे लॅपटॉपची बॅटरी आणि कचेऱ्यांचे वीजबिल यांनी हा विषय ऐरणीवर आणला. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 'एपीएम' हे मानक आणले. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'एनर्जी स्टार' सुरू केले. त्याचे पहिले मानकरी संगणक आणि मॉनिटर हेच होते.

६/
डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांचे 'एसीपीआय' आले. विजेचे जे निर्णय तोवर मुख्यतः बायोसकडे होते, ते ऑपरेटिंग सिस्टीमकडे गेले. वरवर तांत्रिक वाटणारा हा बदल दूरगामी ठरला. वीज आता ऑपरेटिंग सिस्टीमच्या अखत्यारीत आली. साहजिकच तिच्या परवानग्यांचे नियमही विजेला लागू झाले.

७/
विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अधिकारांची खरी विभागणी नव्हती. १९९३ पासूनच्या विंडोज एनटीत ती काटेकोर होती. २००१ च्या एक्सपीत घरगुती आणि कार्यालयीन असे दोन्ही प्रवाह एकत्र आले. विजेच्या योजनांची काही माहिती वापरकर्त्याच्या नावे, तर काही संपूर्ण यंत्राच्या सामायिक रजिस्ट्रीत साठवली जाई. त्या दुसऱ्या भागात लिहिण्याचा अधिकार साध्या खात्याला नव्हता. नकार येई तो तिथून.

८/
यातून सुटण्याचे मार्ग अडचणीचेच होते. सर्वांना ॲडमिनिस्ट्रेटर केले, तर चुकून शिरलेल्या घातक प्रोग्रामलाही तेच अधिकार मिळत. काही ठिकाणी ॲडमिनिस्ट्रेटर रजिस्ट्रीतील तेवढीच एक नोंद साध्या खात्यांना खुली करून देत. एनर्जी स्टारने 'ईझी जीपीओ' हे मोफत साधन दिले. पण त्याने सोय झाली ती व्यवस्थापकांची, वापरकर्त्याची नव्हे.

९/
जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी बाजारात आली आणि ही चूक दुरुस्त झाली. साध्या खात्यालाही विजेची योजना निवडता येऊ लागली; पडदा कधी मालवावा, यंत्र कधी झोपवावे, हे ठरवता येऊ लागले. त्याच वेळी या सेटिंग्ज 'ग्रुप पॉलिसी'तही आल्या. संस्थेला हवे असेल, तर ती त्या कुलूपबंद करू शकत होती. जागे होताना पासवर्ड मागावा की नाही, यासारखे सुरक्षेचे निर्णय मात्र ढालीच्या चिन्हामागे, ॲडमिनिस्ट्रेटरपाशीच राहिले.

१०/
आणखी एक वाट त्याआधीपासून होती. व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला विनंती करू शकतो : माझे काम चालू आहे तोवर झोपू नकोस. त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर लागत नाही. प्रोग्राम बंद होताच विनंती संपते आणि मूळ सेटिंग जशीच्या तशी राहते. इथे नियम बदलत नाही. त्याला तात्पुरता अपवाद मिळतो.

११/
एक्सपीतील नकारामागे कोणाचा विचारपूर्वक निर्णय नव्हता. माहिती कुठे साठवायची, या निवडीचा तो परिणाम होता. आज साध्या खात्याला पडद्याची वेळ बदलता येत नसेल, तर ते कुलूप बहुधा संस्थेने जाणूनबुजून लावलेले असते. ते फोडण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा, ते लावणाऱ्याकडे कारण विचारणे आणि बदल मागणे हाच सरळ मार्ग होय. एक्सपीच्या वापरकर्त्याला मात्र विचारायला तसा कोणी निर्णयकर्ताच समोर नव्हता.