भीमाशंकरचं जंगल रात्री खरंच चमकतं का?

पावसाळा आला की एक फोटो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो. हिरव्या उजेडात न्हालेलं जंगल आणि खाली लिहिलेलं, 'भीमाशंकर, पुण्यापासून काही तासांवर.' मग हडपसर-मगरपट्ट्यातल्या ऑफिसांमध्ये शनिवारचे बेत शिजतात. फोटो खोटा नसतो. पण तसं दृश्य डोळ्यांना दिसत नाही.

मुळात चमकतं ते जंगल नाही, बुरशी चमकते. पावसात भिजून कुजलेल्या फांद्यांवर, पानांवर ती वाढते. भीमाशंकरची ही बुरशी मायसिना गटातली मानली जाते. तिच्या पेशींमध्ये ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं. ल्युसिफरेज या विकराच्या मदतीने त्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि सुटलेली ऊर्जा प्रकाश बनून बाहेर पडते. उष्णता जवळजवळ नसतेच, त्यामुळे हात लावला तरी चटका बसत नाही.

काजव्याची युक्ती हीच, रसायन मात्र वेगळं. काजवा उजेडाची उघडझाप करून जोडीदाराला बोलावतो. बुरशीला उजेड कशाला हवा? ब्राझीलमधल्या संशोधकांनी जंगलात नकली अळंब्या ठेवून पाहिल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात हिरवे एलईडी लावलेल्या अळंब्यांवर जास्त कीटक आले. म्हणजे बीजाणू पसरवायला कीटकांना दिलेलं हे आमंत्रण असावं. सगळ्याच चमकणाऱ्या बुरशींना ते लागू पडतं असं मात्र नाही.

आता फोटोकडे. कॅमेऱ्याचं शटर अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ उघडं ठेवलं की थेंबाथेंबाने उजेड साठत जातो. डोळ्याला ते जमत नाही. शिवाय अगदी मंद प्रकाशात आपल्याला रंग नीट कळत नाहीत, म्हणून समोरची फांदी फिकट, पांढुरकी दिसते. तीही वीस-पंचवीस मिनिटं मिट्ट काळोखात बसल्यावर. मध्येच कुणी मोबाईलचा टॉर्च लावला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हडपसरच्या गाडीतळावर अशी बुरशी उगवली तरी दिव्यांच्या झगमगाटात कुणाला पत्ता लागणार नाही.

तसं पाहिलं तर माणूसही चमकतो! २००९ मध्ये जपानी संशोधकांनी अतिसंवेदनशील कॅमेऱ्याने हा प्रकाश टिपला. तो डोळ्याला दिसू शकणाऱ्या प्रकाशाच्या हजारपट क्षीण असतो आणि पेशींमधल्या रासायनिक क्रियांतून निघतो. त्याचा संबंध 'तेजोवलया'शी जोडणाऱ्या रील्स सरळ पुढे ढकलाव्यात.

भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. आत जायला वनविभागाची परवानगी लागते आणि तिथून लाकूडफाटा उचलून आणणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आणून उपयोगही नाही, फांदी वाळली की उजेड विझतो.