खिशातले पिस्तूल

दिवाळी आली की आपल्या अंगणांत लढाई जुंपते. टिकल्यांची पिस्तुले कमरेला खोचून बालवीर दाराआड दबा धरून बसतात, आणि फराळाला आलेल्या पाहुण्याला चकलीचा पहिला तुकडा मोडण्यापूर्वी हात वर करून शरण जावे लागते. मी पेशाने शाळामास्तर. तेव्हा या वीरांची खरेदी जवळून पाहण्याची संधी मला पुष्कळदा मिळते. पिस्तूल निवडताना मुलगा दोनच गोष्टी पाहतो. ते चड्डीच्या खिशात मावले पाहिजे आणि त्याचा आवाज गल्लीभर गेला पाहिजे. दुकानदार बिचारा सांगत असतो की, बाळा, आवाज मोठा हवा तर पिस्तूलही मोठे घे. बाळाला ते मुळीच पटत नाही.

मोठ्या माणसांनाही ते पटलेले नाही, हे मला एका कादंबरीच्या निमित्ताने कळले. त्या कादंबरीत पेढीवरचे एक दिवाणजी आहेत. रोज दिवेलागणीला रोकड घेऊन घरी जाणारे, स्वभावाने भित्रे, पोट थोडे सुटलेले. त्यांच्या कोटाच्या खिशात मला एक पिस्तूल ठेवायचे होते. पण कोणते? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि शस्त्रविद्या छडीपुरती. तेव्हा पुस्तके धुंडाळणे आले. धुंडाळता धुंडाळता दिवाणजी बाजूला राहिले आणि खिशातल्या पिस्तुलाची हकीगतच मनात घर करून बसली. ती वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या जुन्या पोषाखाला खिसा असा नव्हताच. कट्यार असे ती शेल्यात खोचलेली, चारचौघांना दिसेल अशी. शस्त्र मिरवण्यातच अर्धे संरक्षण होते. लपवलेले शस्त्र आपल्याला माहीत नव्हते असे मात्र नाही. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजीमहाराजांनी अफझलखानाची भेट घेतली, त्या वेळच्या वाघनखांची कथा मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. पण वाघनखांना शत्रूच्या मिठीत शिरावे लागते. हाताची लांबी हीच त्यांची मर्यादा. ही मर्यादा ओलांडणारे आणि तरीही हाताच्या पंजात दडणारे शस्त्र पुढे अमेरिकेत लोकप्रिय झाले.

फिलाडेल्फिया शहरात हेन्री डेरिंजर नावाचा बंदूककार होता. त्याने केलेली ठासणीची छोटी पिस्तुले कोटाच्या खिशात सहज बसत. बार एकच. तोंडाने दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची, घोडा टोपीवर आपटला की बार उडायचा. पहिला बार फुकट गेला तर पुन्हा ठासायला सवड कुठली? म्हणून ती बहुधा जोडीने विकली जात. व्यापारी, जुगारी, कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेले लोक, सर्वांनी ती उचलली. मागणी एवढी वाढली की नकला निघाल्या, आणि ‘डेरिंजर’ हे खिशातल्या कोणत्याही पिस्तुलाचे सामान्यनाम होऊन बसले.

त्या नावाला कायमचा डाग लागला तो १४ एप्रिल १८६५ रोजी. वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष लिंकन नाटक पाहत होते. जॉन विल्क्स बूथ हा स्वतः नट. नाटकातल्या कोणत्या वाक्याला हशा पिकतो हे त्याला पाठ होते. त्या हशाची वेळ साधून त्याने मागून गोळी झाडली. नेमलेला पहारेकरी त्या वेळी आपल्या जागेवर नव्हता. बूथचे पिस्तूल सुमारे ६ इंच लांबीचे, एकबारी डेरिंजर होते. एकच बार आहे हे जाणून त्याने जवळ सुराही ठेवला होता, आणि अडवायला धावलेल्या मेजर रॅथबोनच्या दंडावर तो चालवला. लहान पिस्तूल निवडताना काय सोडावे लागते याचा हिशेब त्या माणसाने आधीच केला होता.

त्या पिस्तुलाची उणीव भरून काढण्याचे प्रयत्न एव्हाना सुरू झालेच होते. सॅम्युअल कोल्टने फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट १८३६ साली घेतले होते. १८५७ साली स्मिथ आणि वेसन यांनी धातूच्या काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले; त्यामुळे ठासणीची यातायात संपली. रेमिंग्टन कंपनीने १८६६ पासून एकावर एक अशा दोन नळ्यांचे डेरिंजर काढले, आणि ते १९३५ पर्यंत विकले जात होते. बार एकाचे दोन, दोनांचे पाच झाले. पण खिशाच्या म्हणून काही अडचणी असतात. रिव्हॉल्व्हरचा घोडा बाहेर आलेला असतो. घाईत उपसताना तो अस्तरात अडकतो. घोडा काढून टाकावा तर पिस्तूल चुकून उडण्याची भीती.

या पेचातून स्मिथ आणि वेसन यांनी १८८७ साली मोठी युक्तीची वाट काढली. त्यांनी घोडा आत दडवला आणि मुठीच्या मागच्या बाजूला एक दांडी बसवली. मूठ घट्ट आवळून ती दांडी दाबल्याशिवाय चाप चालायचाच नाही. लहान मुलाच्या हाताला हे जमू नये, हा त्यातला एक हेतू सांगतात. मला हा भाग वाचून बरे वाटले. कारखानदाराच्या मनात निदान एकदा तरी खिसा सोडून घर आले, कपाट आले, आणि कपाटापर्यंत पोचणारे चिमुकले हात आले.

याच सुमारास युरोपात सायकलीचे वेड पसरले आणि सायकलस्वारांच्या पोटऱ्यांमागे गावोगावची कुत्री लागली. पॅरिसच्या गालाँ नावाच्या बंदूककाराने त्यावर उपाय म्हणून एक चिमुकले रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे नाव ‘व्हेलो-डॉग’. घोडा आत, चाप दुमडून ठेवण्याजोगा, म्हणजे खिशात काही अडकायला नको. कुत्र्याचा जीव घेणे ज्यांना नको वाटे त्यांच्यासाठी मिरपूड भरलेली काडतुसेही मिळत. पिस्तुलाच्या इतिहासात हसू येईल असे पान हे एवढेच.

यापुढची कथा जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराची. यूटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला हा माणूस बंदूककाराचाच मुलगा. बेल्जममधल्या लिएज शहराजवळ एका मोठ्या शस्त्रकारखान्याने त्याचे स्वयंचलित पिस्तूल १९०० च्या सुमारास काढले. गोळी पुढे जाते तेव्हा काडतुसाच्या रिकाम्या टोपणाला मागे धक्का बसतो. या वाया जाणाऱ्या धक्क्याला ब्राउनिंगने कामाला लावले. त्या जोराने वरचा लोखंडी भाग मागे सरतो, रिकामे टोपण बाहेर पडते, स्प्रिंग तो भाग पुन्हा पुढे ढकलते आणि जाता जाता नवे काडतूस नळीत बसते. काडतुसे मुठीतच साठवलेली. त्यामुळे रिव्हॉल्व्हरच्या चक्राचा फुगवटा गेला आणि पिस्तूल पुस्तकासारखे चपटे झाले. थोड्याच वर्षांत त्याने जाकिटाच्या खिशासाठी आणखी लहान पिस्तूल केले. लांबी साडेचार इंच, वजन १३ औंसांच्या आसपास, काडतुसे सहा. अमेरिकेत कोल्ट कंपनीने ते १९०८ पासून विकायला आणले.

ब्राउनिंगची पिस्तुले आपल्या दाराशी यायला वेळ लागला नाही. १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी होती, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. तेव्हा ती आली चोरवाटेने. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून २० ब्राउनिंग पिस्तुले धाडली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपादाखल ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तेथे अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने ब्राउनिंग झाडून जॅक्सनचा वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

पुढची हकीगत एका कादंबरीकाराची, म्हणून ती मी जरा बिचकतच वाचली. न्यूयॉर्कचे डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हे त्या काळचे नामांकित लेखक. त्यांनी आपल्या कादंबरीत आपल्या घराण्याची बदनामी केली, असे एका गृहस्थाच्या डोक्याने घेतले. जानेवारी १९११ मध्ये त्याने भर रस्त्यात फिलिप्सना गाठून गोळ्या घातल्या आणि स्वतःलाही संपवले. टीकाकार कितीही कठोर असले तरी लेखणीवर थांबतात, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. त्या खुनाने शहर हादरले आणि त्याच वर्षी खिशात लपणाऱ्या शस्त्राला परवाना लागेल असा कायदा न्यूयॉर्कात झाला. तो ‘सुलिव्हन कायदा’ म्हणून ओळखला जातो. परवाना मिळवण्यासाठी खास कारण दाखवण्याची त्यातली अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली. म्हणजे एकशे अकरा वर्षांनीही त्या देशाचा वाद मिटलेला नव्हता.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्होत आर्चड्यूक फर्डिनांडची मोटार चुकीच्या रस्त्याला वळली आणि नेमकी गाव्रिलो प्रिन्सिपसमोर थांबली. संरक्षणासाठी एक उमराव मोटारीच्या पायफळीवर उभा होता, पण दुसऱ्या बाजूच्या. १९ वर्षांच्या प्रिन्सिपने दोन गोळ्या झाडल्या. आर्चड्यूक गेला, त्याची पत्नी गेली, आणि पाठोपाठ महायुद्ध आले. हेही पिस्तूल ब्राउनिंगच्याच आराखड्याचे, १९१० च्या नमुन्याचे. घोडा नाही, कोपरे नाहीत, खिशात अडकेल असे काही नाही. काडतूस ९ मिलिमीटरचे, आखूड जातीचे. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर ज्या इटालियन बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचेही काडतूस त्याच जातीचे होते. दहाच दिवस आधी तेथे बाँब फुटला होता. तरीही प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ देण्यास गांधीजींनी नकार दिला होता.

या घटना मी एका ओळीत मांडल्या म्हणून त्या सारख्या ठरत नाहीत. कान्हेऱ्यांना आपण हुतात्मा मानतो आणि बूथला खुनी. हेतूंचा न्याय निराळा. पण हातातल्या वस्तूपुरते पाहिले तर सर्वत्र एक गोष्ट दिसते. जाहिरातीत हे पिस्तूल घराचे, प्रवाशाचे, एकट्या माणसाचे रक्षण करायला निघालेले असते; इतिहासात मात्र ते हल्ला करणाऱ्याच्या हाताला यश देते. याचे कारण मला सरळ दिसते. ज्याने आधीच ठरवलेले असते त्याचा हात खिशात आधी जातो. ज्याला अवचित गाठले जाते त्याला प्रथम काय घडते आहे हे उमगावे लागते, मग घाबरायला लागते, मग खिसा सापडावा लागतो. तोवर सारे संपलेले असते.

निवडीचा प्रश्न येतो तो इथे. पिस्तूल लहान केले की नळी आखूड होते, नेम चुकतो, काडतूस दुबळे होते आणि हलके लोखंड हाताला जोराचा झटका देते. ते झटकन उडेल असे केले की चुकून उडते. चुकून उडणार नाही असे केले की वेळेवर उडत नाही. इयान फ्लेमिंग या इंग्रज कादंबरीकाराने आपला हेर जेम्स बाँड याला चिमुकले बेरेटा दिले होते. १९५६ साली ग्लासगोच्या बूथरॉइड नावाच्या शस्त्रज्ञ वाचकाने त्याला पत्राने कळवले की, हे तर बायकांच्या पर्समधले पिस्तूल झाले! फ्लेमिंगने ते मानले. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’ कादंबरीत बाँडला वॉल्थर मिळाले, आणि ते त्याच्या हाती देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव बूथरॉइडच ठेवले गेले. कागदावरच्या वीराचे ठीक आहे; त्याची गोळी लेखक चुकू देत नाही.

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि परवाना सहजी मिळत नाही. तरीही मागणी आहेच. दिल्लीत २०१२ च्या डिसेंबरात घडलेल्या भीषण अत्याचारानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. वजन ५०० ग्रॅम, पर्समध्ये मावणारे, किंमत १,२२,३६० रुपये. ज्या भयातून ते जन्मले ते भय खरे आहे, त्याची थट्टा कुणी करू नये. पण रात्री कामावरून एकटी परतणाऱ्या किती मुलींच्या पर्समध्ये सव्वा लाखाची वस्तू मावेल, आणि मावली तरी वेळेवर बाहेर येईल, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. रस्त्यावर दिवे, वेळेवर येणारी बस आणि हाकेला धावणारा शेजारी यांचे वजन पर्सला होत नाही.

माझ्या या मांडणीत एक बाजू लंगडी आहे, हे चतुर वाचकांनी ताडले असेल. पिस्तूल जवळ असल्याचे कळून ज्यांच्या वाटेला चोर गेले नाहीत त्यांची नावे इतिहासात कशी येणार? जे घडलेच नाही त्याची नोंद कोण ठेवतो? हा आक्षेप मला मान्य आहे. बूथचे डेरिंजर वॉशिंग्टनच्या त्याच नाट्यगृहातल्या संग्रहालयात आहे, साराजेव्होचे ब्राउनिंग व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. ज्यांतून एकही गोळी सुटली नाही, जी कोटाच्या खिशांत झिजली, कपाटांत गंजली आणि नातवंडांनी एक दिवस पोलीसचौकीत नेऊन जमा केली, त्या हजारो पिस्तुलांना कुठेच जागा नाही. संरक्षणासाठी म्हणून घेतलेले पिस्तूल जर कधी खरे उतरले असेल, तर ते या अनाम पिस्तुलांतच; आणि त्यांच्या मालकांनी नमुना कोणता निवडला होता, याला शेवटी काहीच महत्त्व उरले नाही.