समुद्रसपाटीपासून किती उंच?

मे महिन्याच्या सुट्टीत हिमाचल प्रदेशाला निघालेल्या मराठी कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. थंडी किती असते? पाऊस कधी लागतो? बर्फ नक्की कुठे बघायला मिळेल? स्वेटर दोन पुरतील की तीन? यातल्या एकाही प्रश्नाचं सबंध राज्याला लागू पडेल असं उत्तर कुणालाच देता येणार नाही. पंजाबच्या सपाटीला लागून असलेल्या उन्यात मेअखेरीस पारा चाळिशीपार जातो. त्याच दिवशी ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत रस्त्याच्या कडेला बर्फाच्या भिंती उभ्या असतात. दोन्ही जागांमधलं सरळ रेषेतलं अंतर दीडशे किलोमीटरही नाही.

राज्य तसं लहान. क्षेत्रफळ ५५,६७३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. पण पायथ्याच्या साडेतीनशे मीटरपासून किन्नौरमधल्या रिओ पुर्ग्यिल शिखराच्या ६,८१६ मीटरपर्यंत त्याची उभी चढण आहे. तेव्हा हिमाचलाबद्दल काहीही विचारण्याआधी गाव किती उंचीवर आहे ते विचारावं. हवामानाचं कोडं त्याने बरंचसं सुटतंच, इतिहासाचंही सुटतं.

पावसाचंच घ्या. धर्मशाळेत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. गावाच्या पाठीशी धौलाधारची रांग अगदी उठून उभी राहिल्यासारखी चार हजार मीटरच्या वर जाते आणि मैदानातून आलेले मोसमी ढग तिथेच अडतात. महाबळेश्वराला झोडपणारा पाऊस माण-खटावला का पोहोचत नाही, हे माहीत असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. धौलाधार आणि तिच्या मागची पीर पंजाल ओलांडली की लाहौल-स्पितीत पावसाळा नावालाच उरतो. फरक एवढाच, की माण-खटावला चुकलेला पाऊस चुकला तो चुकला; स्पितीला मात्र हिवाळ्यात दुसरी संधी मिळते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तिथे बर्फ टाकतात. उन्हाळ्यात ते बर्फ वितळतं आणि त्याचं पाणी पाटांनी सातू-वाटाण्याच्या शेतांत खेळवलं जातं.

ही वाटणी घरांच्या छपरांवरही दिसते. कांगड्यातली जुनी घरं उतरत्या छपराची, वर पाटीच्या दगडाचे काळे-करडे पातळ तुकडे. धर्मशाळेजवळच्या खनियाऱ्याच्या खाणी या दगडासाठी प्रसिद्ध. स्पितीत छप्पर सपाट, मातीचं, आणि त्याच्या कडेने हिवाळ्यासाठी रचून ठेवलेलं सरपण. तिथला ताबोचा बौद्ध मठ इसवी सन ९९६ मधला आणि तोही मातीचाच. आतली भित्तिचित्रं हजार वर्षं टिकली ती कोरड्या हवेच्या कृपेने. हा मठ कोकणात बांधला असता तर त्याने किती पावसाळे काढले असते, याचा हिशेब न केलेलाच बरा. अलीकडे स्पितीतही अवेळी जोराचा पाऊस येऊ लागला आहे आणि मातीच्या सपाट छपरांना तो झेपत नाही.

डोंगर उंच का, याचं उत्तर जमिनीखाली आहे. भारतीय भूपट्ट आशियाच्या पोटात घुसतो आहे, हिमालय अजून वाढतो आहे आणि मधूनमधून त्याची किंमत वसूल करतो आहे. ४ एप्रिल १९०५ च्या पहाटे कांगड्यात धरणीकंप झाला. सुमारे वीस हजार माणसं गेली. १००९ मध्ये गझनीच्या महमुदाने लुटलेला, १६२० मध्ये जहांगीरच्या फौजेने घेतलेला, पुढे राजा संसारचंद, गोरखे आणि रणजितसिंह यांच्या झटापटी पाहिलेला कांगड्याचा किल्ला काही क्षणांत ढासळला. शेजारचं वज्रेश्वरीचं मंदिरही कोसळलं. पण कुलूच्या खोऱ्यातला नग्गरचा वाडा टिकला. तो 'काठकुणी' पद्धतीचा: देवदाराच्या तुळयांचा एक थर, दगडाचा एक थर, पुन्हा तुळया, आणि मध्ये चुना नाही की माती नाही. धक्का बसला की भिंत हलते, किंचित सरकते आणि पुन्हा जागेवर बसते. आज त्याच उतारांवर काँक्रीटचे चार-पाच मजली सांगाडे उभे राहताना पाहून तिथल्या जुन्या गवंड्यांना काय वाटत असेल, असा प्रश्न पडतो.

सिमल्याचा जन्मही उंचीमुळेच. गोरख्यांशी १८१४ ते १८१६ या काळात झालेल्या युद्धानंतर हा मुलूख इंग्रजांच्या हाती आला. मैदानातल्या उन्हाने हैराण झालेल्या साहेबांना २,००० मीटरवरची देवदाराची गार सावली सापडली आणि १८६४ पासून साम्राज्याची उन्हाळी राजधानी दर वर्षी दप्तरासकट डोंगर चढू लागली. १९०३ मध्ये कालका-सिमला ही अरुंद रेल्वे सुरू झाली. ती ९६ किलोमीटरांत सुमारे १,४०० मीटर चढते आणि वाटेत शंभराहून अधिक बोगदे ओलांडते. फाळणीत लाहोर गेल्यावर पूर्व पंजाबचं सरकार आणि उच्च न्यायालयही सिमल्यात येऊन राहिलं. म्हणूनच गांधीहत्येच्या खटल्यातलं अपील १९४९ च्या उन्हाळ्यात इथल्या 'पीटरहॉफ' या इमारतीत चाललं. नथुराम गोडसेने आपली बाजू तिथे स्वतः मांडली. काही हजार माणसांच्या बेताने वसवलेल्या या गावात २०१८ च्या उन्हाळ्यात पाण्यासाठी रांगा लागल्या, आणि पर्यटकांनी इकडे येऊ नये अशी हाक खुद्द रहिवाशांनीच समाजमाध्यमांवर दिली.

राज्य म्हणून हिमाचल मात्र तरुण आहे. १५ एप्रिल १९४८ रोजी सुमारे तीस डोंगरी संस्थानं एकत्र करून केंद्राच्या अखत्यारीतला प्रांत झाला. राज्य पुनर्रचना आयोगातल्या दोन सदस्यांना तो पंजाबात घालावासा वाटत होता. अध्यक्ष फजल अली यांनी वेगळं मत नोंदवलं आणि हिमाचल केंद्रशासित म्हणून वाचला. १९६६ मध्ये पंजाबची फेररचना झाली तेव्हा कांगडा, कुलू, लाहौल-स्पिती हे डोंगरी भाग त्याला मिळाले. २५ जानेवारी १९७१ रोजी सिमल्याच्या रिजवर पूर्ण राज्याची घोषणा करायला इंदिरा गांधी आल्या, तेव्हा बर्फ पडत होतं. पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांनी या दिवसासाठी दोन दशकांहून अधिक काळ खटपट केली होती.

बर्फाने देशाच्या निवडणुकीचं वेळापत्रकही एकदा बदललं आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक ठिकाणी १९५२ च्या सुरुवातीला मतदान झालं. किन्नौरमधल्या चिनी गावात, म्हणजे आजच्या कल्प्यात, तोवर वाटा बंद झाल्या असत्या. म्हणून तिथे २५ ऑक्टोबर १९५१ लाच मतपेट्या मांडल्या गेल्या. शाळामास्तर श्यामसरण नेगी त्या दिवशी सकाळीच मत देऊन आपल्या निवडणूक कामावर गेले. स्वतंत्र भारताचे पहिले मतदार म्हणून त्यांचं नाव झालं आणि २०२२ मध्ये निधनापूर्वी काही दिवस त्यांनी अखेरचं मतही दिलं.

आता सफरचंद. ते मूळचं इथलं नव्हे. कुलूत इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच बागा लावल्या होत्या, पण आजचं पीक उभं राहिलं ते फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांच्यामुळे. कांगड्याच्या भूकंपात त्यांनी मदतकार्य केलं, मग सिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढला घर केलं. साहेबांचं सामान गावकऱ्यांकडून फुकट वाहून घेण्याच्या बेगारीविरुद्ध ते उभे राहिले, १९२१ मध्ये तुरुंगात गेले आणि १९३२ मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाले. १९१६ च्या सुमारास त्यांनी अमेरिकेतून 'रेड डिलिशस' जातीची रोपं आणून लावली. या जातीच्या झाडाला हिवाळ्यात सुमारे हजार तास सात अंशांखालची थंडी मिळाली तरच वसंतात नीट फुलोरा येतो. कोटगढच्या उंचीवर ती तेव्हा बिनबोभाट मिळत होती, आणि बटाटे नि धान्यावर भागवणाऱ्या उतारांवर हळूहळू पैसा आला.

त्या तासांचं गणित आता चुकतं आहे. हिवाळे सौम्य झाल्याने खालच्या पट्ट्यातले बागायतदार डाळिंब, कीवी आणि 'जापानी फल' म्हणजे पर्सिमनकडे वळले आहेत. सफरचंद किन्नौर आणि स्पितीच्या दिशेने वर सरकलं आहे. उलट दिशेचा प्रयोग केला तो बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी. आंब्याच्या हवेतल्या या गावात त्यांच्या परसात टाकलेल्या बियांतून सफरचंदाचं रोप उगवलं. त्याचे डोळे त्यांनी आलुबुखाऱ्यावर भरले आणि फळ धरलं. 'एचआरएमएन-९९' नावाची ही कमी थंडीवर भागवणारी जात आता महाराष्ट्रातल्या काही शेतकऱ्यांनीही लावून पाहिली आहे. तिचं फळ जूनमध्ये, म्हणजे कोटगढ-किन्नौरच्या पेट्या बाजारात येण्याआधीच तयार होतं.